गौतमनं ब्रेक दाबला होता

माणूस दारात आला की आपण आधी त्याच्या तोंडाकडं बघतो. मल्लाप्पा हुक्केरी आधी त्याच्या सायकलीकडं बघायचे. सायकल नसली तर छत्रीची काडी, पट्ट्याचं बक्कल, पिशवीची कडी, काहीतरी लोखंडाचं सापडायचंच. उजव्या हाताचं पहिलं बोट त्यावरनं हळूच फिरवायचे आणि निकाल द्यायचे, "गंज धराय लागलाय. घरात कुणी बघणारं न्हाई व्हय?" आलेला माणूस गोरामोरा व्हायचा. हे तोवर मशीनकडं वळलेले असायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना सगळे आण्णा म्हणत.

त्यांचे दोन लेथ होते आणि माझं दुकान शेजारी, मधे फक्त एक पत्रा. मी ओतकामासाठी लाकडी साचे बनवतो. सगळ्या लोखंडवाल्यांत मी एकटाच लाकूडवाला, म्हणून त्यांनी माझं नाव 'भुसा' ठेवलं होतं. "ए भुसा, चा आलाय," असं पत्र्यापलीकडनं ओरडायचे. माझं खरं नाव विलास. ते त्यांच्या तोंडून मी फार कमी वेळा ऐकलं.

आधीच सांगतो, मी हे आण्णांचं कौतुक करायला लिहीत नाही. कौतुक करणारे त्यांच्या मातीला पुष्कळ आले होते. "नशिबाचा खेळ," असं एकजण म्हणाला तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. नशीब कसलं डोंबलाचं! तिथं दोन माणसं होती, एकानं चूक केली आणि दुसऱ्यानं पाप केलं. चूक आण्णांची होती.

आण्णा मूळचे संकेश्वराकडचे. मराठी बोलता बोलता मापं मोजायची वेळ आली की कानडीत शिरायचे. ओंदु, एरडु, मूरु. राग आला तरी कानडीच. सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि संध्याकाळी तेच कपाळ काळ्या तेलानं माखलेलं. त्यांच्याकडं कामाला राहिलेल्याला पहिली गोष्ट शिकवायचे ती घडवायचा तुकडा मशीनवर चढवायची नाही, मशीन पुसायची. दुकान बंद करायच्या आधी तेलाचं फडकं घेऊन उघड्या लोखंडाचा कण न् कण पुसायचा. कोल्हापूरच्या पावसात रात्रीत लोखंड तांबडं होतं. "मशीन कोरडं ठेवून घरी गेला त्यो कारागीर न्हवं, पावणा," असं म्हणायचे. त्यांची मशीनं वीस वर्षांची असून कालच खोक्यातनं काढल्यासारखी दिसायची.

आणि ह्या माणसाला नाद होता सायकलीचा. नाद म्हणजे नुसता नाही, नाद खुळा! दर वर्षी भर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांची टूर काढायचे. कधी गोवा, कधी गोकर्ण, एकदा तर थेट मंगळूर. हिवाळ्यात का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "हिवाळ्यात म्हातारीबी चालवती. पावसात चालवून दाखव, मग तू सायकलवाला." आम्ही सहाजण ठरलेले. चौघं उद्यमनगरातलेच लेथवाले आणि फिटर, आण्णा धरून. पाचवा मी. सहावा गौतम कांबळे, पोस्टमन.

गौतम आमच्यात कसा आला ते सांगायला पाहिजे. एकदा तो आण्णांचं पत्र द्यायला आला, पत्र दिलं आणि निघाला, तर आण्णांनी मागनं सायकल धरली. चाकाचा आवाज त्यांच्या कानाला लागला होता. गौतम म्हणतो, "सोडा की ओ, सरकारी टपाल हाय!" आण्णा म्हणतात, "सरकार थांबतंय. बेअरिंग थांबत न्हाई." आणि खरंच चाक खोललं. टपालाची पिशवी मांडीवर घेऊन गौतम तासभर माझ्या दुकानात बसून राहिला आणि आण्णांच्या सात पिढ्या उद्धरत राहिला. दुसऱ्या दिवशी पत्र नसताना आला. म्हणाला, "आण्णा, लोण्यागत चालती हो." तेव्हापासनं दोघांचं जे जमलं ते जमलं. गौतम चाळिशीतला हसरा माणूस, दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. आण्णांना कुणी चेष्टेत बोललेलं खपायचं नाही, पण गौतमला सगळं माफ होतं.

टूरमधे आण्णांचे कायदे असायचे. म्होरक्यानं कायम शेवटी राहायचं, कारण मागं पडलेला माणूस त्याला दिसला पाहिजे. म्हणून ते शेवटी. एकदा गगनबावड्याच्या अलीकडं मी खचलो. पायांत गोळे, अंगात कापरं, पाऊस समोरनं तोंडावर. सायकल टाकली आणि मैलाच्या दगडावर बसून चक्क रडायला लागलो. बाकीचे पुढं गेलेले. मागनं आण्णा आले, सायकल लावली, शेजारच्या चिखलात बसले. धीर दिला नाही की शिवी दिली नाही. अर्धा तास दोघं पावसात नुसते बसलो. मग म्हणाले, "झालं रडून? मग चेन बघू या. मगाधरनं करकर वाजतीया." तेवढं बोलून त्यांनी मला परत उभं केलं.

घाटाचा कायदा वेगळा होता. घाट उतरताना गौतम सगळ्यांत पुढं. रोजचा सायकलवर असल्यामुळं त्याचा हात बसलेला. तो पुढच्या वळणापर्यंत जाणार, तिथं थांबणार, रस्ता मोकळा असला की शिट्टी मारणार. शिट्टी आली की दुसऱ्यानं सुटायचं. असं एकेक वळण. वेळ लागायचा, पण इतक्या वर्षांत कुणाला खरचटलं नव्हतं.

आता ती टूर. पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट उतरून रत्नागिरी आणि तिथनं समुद्राच्या कडेनं खाली गोव्यापर्यंत, असा बेत होता. गौतमला सकाळचं टपाल वाटून यायचं होतं म्हणून आम्ही दुपारी निघालो. पन्हाळ्याचा फाटा मागं टाकला आणि पाऊस जो सुरू झाला तो थांबलाच नाही. अंधार पडायच्या आधी मलकापुरात पोचलो. आण्णांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामाला मोठी पडवी होती, तिथं मुक्काम टाकला. अंगं पुसली, कुणीतरी गरम कांदाभजी आणली, आणि सगळे जरा माणसांत आलो.

आण्णा मात्र भज्यांकडं फिरकले नाहीत. सहाच्या सहा सायकली त्यांनी पडवीत उलट्या उभ्या केल्या, पिशवीतनं तेलाची बुधली काढली, जुन्या धोतराचा तुकडा काढला आणि पुसायला बसले. चेन, पायडल, हँडल, आऱ्या. आणि रिमा. उघडं लोखंड दिसेल तिथं तेलाचं फडकं. एकजण म्हणाला, "आण्णा, सायकल हाय का लेथ?" ते म्हणाले, "रातभर ओल्या ऱ्हायल्या तर सकाळी तांबड्या हुतील. हात मोडलेत काय माझं?" गौतमची सायकल सगळ्यांत जुनी. रिमचा मुलामा उडाला होता, आत लोखंड उघडं पडलं होतं. तिला त्यांनी दोनदा पुसलं. "हिला जरा जास्त लागतंय," असं स्वतःशीच म्हणाले. गौतम भजी खात शेजारी उभा होता. म्हणाला, "बास करा की. लग्नात नवरीला एवढी हळद लावत न्हाईत!" आम्ही सगळे खो खो हसलो.

सायकलीचा ब्रेक रिमला धरतो. रबर रिमवर घासतं तेव्हा चाक थांबतं. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आम्ही सहा बाप्ये माणसं तिथं होतो, त्यातली चार जन्मभर लोखंडात हात घातलेली, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. कारण उघडं लोखंड दिसलं की तेल लावायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं आणि हात डोक्याला विचारत नव्हता. माझं म्हणाल तर मी भजी खात होतो.

सकाळी पाऊस तसाच. मलकापूर ते आंबा सगळा चढ, ब्रेकला हात लावायची वेळच आली नाही. एक-दोन ठिकाणी सायकल जरा पुढं सरकली, पण पावसात ब्रेक कमीच लागतो, असं प्रत्येकजण मनात म्हणाला असणार. घाटाच्या तोंडाशी पोचलो तर धुकं असं, की पुढच्याची पाठ दिसेना. आण्णांनी सगळ्यांना थांबवलं, कायदा परत एकदा सांगितला. गौतम पुढं झाला. मी दुसरा होतो. माझ्याकडं वळून म्हणाला, "चल, कोकणात भेटू," आणि धुक्यात शिरला.

शिट्टी आली नाही.

मी कान देऊन उभा. पावसाचा आवाज, कड्यावरनं पडणाऱ्या पाण्याचा आवाज. वाटलं, त्यात बुडाली असेल. मागनं आण्णा ओरडले, "आली काय रं?" मी ओरडलो, "न्हाई!" "मग थांब. हलू नगंस." आणखी थोडा वेळ गेला. शेवटी मला दम निघेना. मी सुटलो. पंचवीस-तीस पावलं गेलो असेन, सायकल पळायला लागली. ब्रेक दाबला. ब्रेकच्या दांड्या वर आल्या, रबर रिमवर बसलं, आणि काही म्हणजे काहीच झालं नाही. मी हँडल डोंगराच्या बाजूला फिरवलं आणि गटारात जाऊन पडलो. गुडघा फुटला. पडल्या पडल्या ओरडलो, "उतरा! कुणी बसून येऊ नका, चालत या!" म्हणून बाकीचे वाचले. तोवर मला पाण्याचाच दोष वाटत होता.

सायकल ढकलत खाली गेलो तर वळणावर एक ट्रक आडवा उभा होता. खालून वर येणारा. ड्रायव्हर पायरीवर डोकं धरून बसलेला. मला बघून हात जोडले. "पावणं, मी हॉर्न दिला हो. त्यो सरळ आला. ब्रेकच दाबला न्हाई त्यानं. कसली मस्ती म्हणायची ही?" रस्त्यावर ताडपत्री पसरली होती आणि तिच्याखाली गौतम होता. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

आण्णा त्या दिवशी शेवटी राहिले नाहीत, सायकल ढकलत बाकीच्यांच्या आधी खाली आले. ताडपत्री उचलून बघितली, परत नीट घातली. रडले नाहीत. कडेला गौतमची सायकल पडली होती, ती उचलून उभी केली, जणू त्याला ती लागणार होती. आणि सवयीनं त्यांचं बोट रिमवरनं फिरलं. त्यांना स्वतःला ते कळलंही नसेल. मग बोट थांबलं. त्यांनी ते अंगठ्यावर घासलं, डोळ्यांजवळ नेलं. माझ्या सायकलीच्या रिमला लावलं, मग स्वतःच्या. माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हे पाणी न्हवं."

मला सगळं समजलं. पडवी, फडकं, दोनदा पुसलेली रिम. आणि मी काय केलं? गळ्यातला टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. म्हणालो, "आण्णा, हात पुसा. आणि गप बसा. कुणालाच काय बोलायचं न्हाई." बाकीचे तिघं अजून वरच्या वळणावर होते. हे आम्ही दोघांनीच बघितलं.

पोलीस आले. हवालदारानं ट्रकवाल्याचं ऐकून कागद केला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. सायकलस्वार हयगयीनं, अविचारानं, भरधाव वेगात सायकल चालवून स्वतःच्या मरणास कारण झाला. "बरोबर हाय न्हवं?" असं विचारलं. आण्णांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला आणि म्हणालो, "बरोबर हाय." पंच म्हणून खाली माझी सही आहे. आण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पोलिसांची भानगड नको, त्यांच्यासाठीच केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण पायावर पाय दिला तो माझ्यासाठीच दिला, साक्षीपुराव्यात मीही अडकेन म्हणून.

त्या दिवसानंतर आण्णा सायकलवर बसले नाहीत. घरापासनं दुकानापर्यंत चालत यायचे. पत्र्यापलीकडनं चहाची हाक बंद झाली. आणि एक दिवस मी त्यांच्याकडं गेलो तर लेथवर तांबूस झाक दिसली. मला खोटं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात ती सगळीकडं पसरली. मी तेलाचं फडकं हातात घेतलं तर अंगावर आले. "ठेव ते! हात लावू नगंस!" दोन-तीन वर्षांत कामं तुटली. माणसं म्हणायची, म्हातारं खचलं दोस्ताच्या मरणानं. मी मान हलवायचो.

गौतमच्या बायकोला, सुमनवहिनींना, त्याच्या जागी नोकरी लागली. मुलगी माया तेव्हा शाळेत होती. आण्णा दर रविवारी त्यांच्या घरी जायचे. नळ गळतोय तर नळ, शिलाई मशीन अडतंय तर मशीन. काम करायचे, चहा प्यायचे, उठायचे. पुष्कळदा मला घेऊन जायचे. वहिनी फटकळ बाई. नवऱ्याच्या फोटोला त्यांनी हार घातला नव्हता. "कशाला घालू? घाटात शर्यत लावून मेलाय त्यो. कामावर मला तोंडावर बोलत्यात, कांबळ्याला मस्ती नडली म्हणून. पोरगीचा इचार केला न्हाई, माझा केला न्हाई. वेगाचं याड!" असं भाजी निवडता निवडता म्हणायच्या. आण्णा खाली बघून पाना फिरवत राहायचे. बाहेर पडलं की रस्त्यात म्हणायचे, "आजबी जमलं न्हाई सांगाय." मी म्हणायचो, "बरं केलासा. आता सांगून काय माणूस परत येतोय?" हे मी किती रविवार म्हणालो असेन, मोजदाद नाही. नऊ वर्षं गेली अशी.

माया नोकरीला लागली आणि तिनं दुचाकी घ्यायचं काढलं. त्या रविवारी आम्ही दोघं तिथंच होतो. पोरगी हौसेनं सांगत होती, कुठला रंग, कुठलं मॉडेल. वहिनी उठल्या आणि वीस वर्षांच्या पोरीच्या थोबाडीत दिली, आमच्या देखत. "बापाचं रक्त हाय तुझ्यात! तसलीच मरशील रस्त्यावर, कुत्र्यागत!" माया गालाला हात लावून फोटोकडं बघत होती. रागानं बघत होती, बापाकडं.

आण्णांनी पाना खाली ठेवला.

"वहिनी, गौतमनं ब्रेक दाबला हुता."

"काय?"

"दाबला हुता. लागला न्हाई. आदल्या दिशी मी रिमला तेल लावलंतं. गंजू नये म्हणून. सगळ्यांच्या सायकलींना. त्याच्या सायकलीला दोनदा."

वहिनींना ते कळायला वेळ लागला. खाली बसल्या. मग अगदी साधं, हिशेबी विचारलं, "मग तुम्ही सगळे कसं वाचलासा?"

"त्यो पुढं हुता म्हणून."

"हे कवा कळलं तुम्हाला?"

"तिथंच. घाटात."

"आणि कुणाला ठाव हाय?"

आण्णांनी माझं नाव घेतलं नाही. खाली फरशीकडं बघत राहिले. पण वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांना वाचता आलं.

मला वाटलं, आता ओरडतील, शिव्या देतील, काहीतरी फेकून मारतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या फोटोकडं बघून बोलायला लागल्या. "नऊ वर्सं. सकाळी उठलं की पहिली शिवी ह्याला घातली मी. पोरीला शिकवलं, तुझा बाप बेजबाबदार हुता. त्यानं ब्रेक दाबला हुता व्हय गं माया. दाबला हुता त्यानं. आता मी ह्याची माफी कशी मागू? कुठं जाऊन मागू?" माया त्यांना धरून रडायला लागली.

आण्णा म्हणाले, "मला काय करायचं ते करा."

"तुम्हाला करून माझं काय व्हणार? मला चार भिंतीत सांगून काय उपेग? त्या कागदावर लिवलंय, मस्तीनं मेला म्हणून. जिथं लिवलंय तिथं जाऊन सांगा. त्यो कागद बदलून आणा. तवर ह्या दारात येऊ नगासा. दोघंबी."

दुसऱ्या दिवसापासनं आण्णांनी तेच धरलं. एका पोराकडनं अर्ज लिहून घेतला. माझ्या चुकीनं गौतम कांबळे यांचा मृत्यू झाला, त्यांचा दोष नव्हता, नोंद दुरुस्त व्हावी, मला जी शिक्षा असेल ती मान्य आहे. अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे, एस.टी.नं घाटाकडच्या पोलीस ठाण्यात जायचे, संध्याकाळी परत. पंधरा दिवसांनी परत. पोलीस वाईट वागले असं नाही, उलट चहा द्यायचे. "आजोबा, प्रकरण कवाच बंद झालंय. तेल लावणं काय गुन्हा हाय व्हय? घरी जावा, नातवंडं खेळवा." शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला कुणी शिक्षा देईना. असा पावसाळा गेला, हिवाळा गेला, माणूस अर्धा झाला. मी पत्र्याच्या अलीकडं रंधा मारत होतो.

पुढच्या जुलैत त्यांच्या मुलीचा मला निरोप आला. बाबा सकाळपासनं तिकडं गेलेत, अंगात ताप आहे, तुम्ही घेऊन या. मी गेलो. मुसळधार पाऊस. ठाण्याच्या व्हरांड्यात एका लांब बाकावर आण्णा एकटे बसले होते. गालफडं आत गेलेली, पाय चिखलानं भरलेले. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी न्यायला आलोय असं त्यांना वाटलंच नाही. त्यांना वाटलं, मी साक्ष द्यायला आलोय.

"आलास विलास? बरं झालं. नवा सायेब आलाय, त्यो ऐकून घेतोय. त्यो म्हणतोय, एकट्या म्हाताऱ्याचं दहा वर्सांनी कोण मानंल? कुणी बघितलेला पायजे. तू बघितलंस की. तुझी सही हाय त्या कागदावर. तू सांग, ती खोटी हाय म्हणून. मग लिवून घेतो म्हणतोय. सायेब जेवाय गेलाय, एवढ्यात यील."

मी म्हणालो, "आण्णा, तुम्हाला ताप हाय. आज घरी चला."

"आज न्हाई. आज सायेब हाय."

मी खोटी सही केली असं पोलिसांसमोर सांगायचं. माझं दुकान आहे, दोन मुलांची लग्नं व्हायची आहेत. हे सगळं माझ्या डोक्यातनं पळालं, एवढ्याशा वेळात. मी म्हणालो, "मी जरा चा सांगून येतो. तुम्ही बसा."

"ये, ये," म्हणाले. "बिनसाखरेचा सांग माझा."

मी पायऱ्या उतरलो. समोर कोल्हापूरची गाडी उभी होती, इंजिन चालू. मी चढलो. खिडकीजवळ जागा मिळाली. काच पुसून बघितलं. व्हरांड्यात छताची एक धार बाकाच्या कडेवर गळत होती. आण्णा उठले, टोपी काढली आणि बाकाची कोरडी बाजू टोपीनं पुसली. मग स्वतः सरकून गळत्या बाजूला बसले आणि पुसलेली जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली. कंडक्टरनं घंटी दिली.